हार्टफर्डच्या मंडळीतील विणकाम गट

कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहराजवळ ज्या ख्रिस्ती मंडळीची मी आता सभासद आहे, त्या मंडळीत एक विणकाम गट आहे. दर मंगळवारी सकाळी चर्चच्या तळघरातील सभागृहात दोन लांब टेबले जोडून आम्ही बसतो आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत विणतो. अहिल्यानगरच्या, म्हणजे माझ्या तोंडी अजून अहमदनगरच राहिलेल्या गावच्या आमच्या भगिनी मंडळातील मैत्रिणी फोनवर विचारतात की तिथे तुम्ही नेमके करता काय. ‘विणतो’ एवढे उत्तर दिले तर त्यांना तो उतारवयातील बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. प्रत्यक्षात त्या टेबलाभोवतीच्या कामाला एक शिस्त आहे. कोणती लोकर कुठे चालते, कोणासाठी काय विणायचे, ते कोणाच्या हाती आणि कसे द्यायचे, याचे नियम गटाने वर्षानुवर्षे घासूनपुसून ठरवले आहेत. ते नियम अंगवळणी पडता पडता मला ज्या गोष्टी नव्याने कळल्या, त्या इथे लिहीत आहे.

मी नगरची. आमचे कुटुंब तीन पिढ्या तिथल्याच मंडळीत वाढले, आणि शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी लेकीकडे राहायला आले. इथे कोणत्या चर्चला जावे हा प्रश्न माझ्यापुढे फार काळ राहिला नाही. मुंबईत 1813 साली उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून आले होते, तिचीच आजची शाखा म्हणजे युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट, आणि इथली ही मंडळी त्याच चर्चची. त्या दोघांतील नॉट हे तर याच कनेटिकट राज्यातील फ्रँकलिन गावचे. नगरला त्याच मिशनचे ठाणे 1831 मध्ये सुरू झाले. 1970 साली अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि आमची मंडळी त्यात सामील झाली. इथे आल्यावर उपासनेची भाषा बदलली, वाद्ये बदलली, तबला-पेटीच्या जागी मोठा ऑर्गन आला, तरी दानार्पणाच्या वेळची शांतता आणि उपासनेनंतर दारात उभे राहून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करण्याची रीत मला ओळखीची वाटली. विणकामही ओळखीचेच होते. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण-टिपण आणि लोकरकाम शिकलेल्या माझ्या आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना सुया हातात धरायला शिकवले होते. नगरची थंडी ती काय, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची. परंतु तेवढ्या काळासाठी घरातील प्रत्येक तान्ह्या बाळाला झबले, टोपी आणि मोजे आजीच्याच हातचे असत.

या गटाचे मुख्य काम म्हणजे प्रार्थनेच्या शाली. ही कल्पना याच परिसरातील आहे. हार्टफर्ड सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेतील स्त्रियांसाठीच्या नेतृत्व-अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी 1998 साली तिची सुरुवात केली. आजारी, दुःखी किंवा एकट्या पडलेल्या व्यक्तीसाठी शाल विणायची, विणताना त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करायची आणि ती शाल विनामूल्य द्यायची, इतकी ती साधी कल्पना आहे. पुढे अनेक देशांतील मंडळ्यांनी आणि ख्रिस्ती नसलेल्या गटांनीही ती उचलली.

पहिल्या दिवशी गटप्रमुख बाईंनी माझ्या हातात नमुन्याचा कागद दिला. या बाई ऐंशीच्या घरातील आहेत आणि सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते अजूनही जमत नाही. मी त्यांना ‘मिस’ लावते आणि त्या हसून सोडून देतात. कागदावर लिहिले होते की सुया अकरा नंबरच्या घ्याव्यात. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीने चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि अकरा नंबर म्हणजे साधारण तीन मिलिमीटरची, मोज्यांना आणि स्वेटरच्या बॉर्डरला लागणारी सुई. अमेरिकेत नेमके उलटे आहे. इथली अकरा नंबरची सुई आठ मिलिमीटर जाडीची असते. आपल्या पद्धतीने तिला शून्य नंबर म्हणावे लागेल, आणि तसली सुई मी नगरच्या कोणत्याही दुकानात पाहिलेली नव्हती. लोकरीचेही तसेच. आपल्याकडे लुधियानाहून येणारी लोकर तीन पदरी की चार पदरी हे विचारून घेतात. इथे वेष्टनावर शून्यापासून सातपर्यंतचा जाडीचा आकडा छापलेला असतो आणि शालीला पाच नंबरची जाड लोकर लागते.

नमुना मात्र इतका सोपा की विणकाम कधीही न केलेल्या माणसाला तो एका बैठकीत शिकवता येतो. एकंदर 57 टाके घालायचे आणि प्रत्येक सुईवर, म्हणजे प्रत्येक ओळीत, तीन सुलट, तीन उलट असे विणत जायचे, शेवटचे तीन सुलट. 57 म्हणजे तीनाचे एकोणीस गट, आणि एकोणीस हा आकडा विषम असल्यामुळे प्रत्येक सुई सुलटनेच सुरू होते आणि सुलटनेच संपते. काम उलटवून धरले की जे टाके समोरून उलट दिसतात त्यांच्यावर सुलट टाके पडतात आणि सुलट दिसतात त्यांच्यावर उलट. त्यामुळे सर्व वीण दाणेदार होते, कडा वळत नाहीत आणि शालीला पुढची-मागची अशी बाजूच उरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने ती कशीही ओढून घेतली तरी ती सारखीच दिसते. मोजण्यासारखे काही नसल्याने विणणाऱ्याचे मन मोकळे राहते, आणि प्रार्थनेसाठी हा नमुना निवडण्यामागे तेही कारण आहे. तीन हा आकडा अर्थात पवित्र त्र्यैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा, पण आमच्या टेबलावर त्याचा उच्चार क्वचितच होतो. चर्चा चालते ती बहुधा गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची आणि नातवंडांच्या परीक्षांची.

नमुना पाहून माझ्या मनात जे आले ते इथे सांगितले पाहिजे. माझ्या आजीने मला जाळीचे, वेण्यांचे, पानांचे कितीतरी नमुने शिकवले होते आणि इतक्या सोप्या कामात माझा हात वाया जाईल असे मला वाटले. मी गटप्रमुख बाईंना तसे बोलून दाखवले. त्यांनी कपाटातून जाळीदार विणीची एक अतिशय सुंदर शाल काढून माझ्यापुढे ठेवली. ती शाल एका रुग्णाला दिली होती आणि तिच्या मृत्यूनंतर घरच्यांनी घडी न मोडलेली अशी परत आणून दिली होती. ‘इतकी नाजूक वस्तू अंगावर घ्यायला ती घाबरायची,’ असे तिच्या मुलीने सांगितले होते म्हणे. त्यानंतर मी तीन-तीनाचा नमुना निमूटपणे सुरू केला.

शालीपेक्षाही मला जास्त शिकवले ते लोकरीच्या कपाटाने. मंडळीतील लोक, त्यांचे शेजारी, आणि कोणाची आई किंवा आजी वारल्यावर घर आवरणारी मुले आमच्याकडे लोकरीच्या पिशव्या आणून देतात. त्यांतील निम्म्या लडींवर वेष्टन नसते. ती लोकर मेंढीची की अॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, की सुती, हे न कळता वापरता येत नाही, कारण ती कोठे जाणार ते त्यावर ठरते. त्यासाठी आमच्यातील एक निवृत्त इंजिनिअर गृहस्थ, जे गटातील एकमेव पुरुष आहेत आणि क्रोशाचे काम आम्हा सर्वांपेक्षा नीटस करतात, ते चर्चच्या मागील अंगणात पाण्याचे भांडे ठेवून प्रत्येक लडीचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवतात. मेंढीची लोकर धरून जळत नाही, ज्योत काढली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे जी काजळी राहते ती बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखे भुरकन जळते आणि मऊ राख सोडते. मिश्र धाग्यात या खुणा मिसळतात, आणि शंका राहिली तर ती लड लहान मुलांच्या कामातून बाद होते. खरी लोकर निघाली तर तीत कसर असण्याच्या भीतीने ती हवाबंद पिशवीत घालून काही दिवस स्वयंपाकघराच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. आइस्क्रीमच्या डब्यांशेजारी लोकरीचे गुंडे पाहून नवा माणूस चकित होतो.

रुग्णालयांना आमच्या वस्तू हव्या असतात, पण त्यांच्या अटींवर. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या टोप्या यंत्रात धुता येणाऱ्या मऊ धाग्याच्याच पाहिजेत, त्यांना गोंडा, बटण, फीत काहीही चालत नाही, आणि आतल्या बाजूला लोंबणारा एक धागासुद्धा राहता कामा नये, कारण तो इवल्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. सुगंधी साबणाने धुतलेली किंवा धूम्रपान चालणाऱ्या घरातून आलेली वस्तू परत येते. घरात मांजर असलेल्या सभासदांनी आपले विणकाम झाकणाच्या डब्यात ठेवायचे, हाही नियम आहे. केमोथेरपी घेणाऱ्यांच्या टोप्यांना मेंढीची लोकर बाद, कारण केस गेलेल्या टाळूला ती टोचते. शिवण असेल तर ती सपाट हवी. मला हे सगळे प्रथम फार काटेकोर वाटले. आपल्याकडे कोणी हाताने विणलेले काही दिले तर ते कसेही असो, नाही म्हणण्याची रीत नाही. घ्यायचे, कौतुक करायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे. इथे घेणारा नाही म्हणू शकतो आणि त्यात कोणाचा अपमान झाला असे मानले जात नाही. देणाऱ्याची हौस आणि घेणाऱ्याची गरज या दोहोंत गट दुसरीच्या बाजूने उभा राहतो, हे मला पटायला थोडा काळ गेला, आणि पटल्यावर माझ्या जुन्या देण्याघेण्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

ही शिस्त नवी नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिका 1917 साली उतरली तेव्हा तिथल्या रेडक्रॉसने घरोघरच्या स्त्रियांना सैनिकांसाठी मोजे, मफलर, बिनबाह्यांचे स्वेटर विणायला लावले, आणि त्यासाठी ठरावीक नमुने छापून दिले, कारण खंदकातील चिखलात चालणाऱ्या माणसाच्या मोज्यात एखादी गाठ राहिली तरी त्याच्या पायाला फोड येतो. त्याहीपूर्वीचे म्हणायचे तर बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथेची हकीकत आहे. ती वारल्यावर विधवा स्त्रिया रडत येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना आमचे लक्ष टबीथा पुन्हा जिवंत झाली याच्याकडे असे. ते कपडे वापरातले होते, दाखवणाऱ्या बायकांच्या रोजच्या अंगावरचे असावेत, हे मला या टेबलाशी बसल्यावर सुचले.

शाल पूर्ण झाली की तिच्या कडांना गोंडे लावतात आणि तिच्यावर गटातील दुसरे कोणीतरी हात फिरवून सुटलेला टाका किंवा राहिलेली गाठ शोधते. मग महिन्यातील एका रविवारी तयार शाली प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवल्या जातात, पाळकबाई, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरू, प्रार्थना करतात आणि ज्यांना इच्छा असेल ते पुढे येऊन शालींवर हात ठेवतात. शालीसोबतच्या कार्डावर धुण्याच्या सूचना आणि मंडळीचे नाव असते. विणणाऱ्याचे नाव नसते. घेणाऱ्यावर आभाराचे ओझे पडू नये, हा त्यामागचा हेतू. कोणाला शाल द्यायची याची यादी पाळकबाई आणि गटप्रमुख यांच्याकडेच राहते, आणि टेबलावर कोणाच्या आजाराचे नाव घेऊन बोलायचे नाही असा दंडक आहे. हा दंडक सर्वांत जास्त मोडला जातो, हेही नमूद करते. शंभर-सव्वाशे कुटुंबांच्या मंडळीत कोणाची शस्त्रक्रिया झाली हे कळायला यादीची गरज नसते.

एक नियम मात्र काटेकोर पाळला जातो: विचारल्याशिवाय शाल द्यायची नाही. याची कसोटी माझ्याच शेजारी लागली. आमच्या रस्त्यावर सांगलीकडचे एक मराठी कुटुंब राहते. त्यांची आई मुलाकडे सहा महिन्यांसाठी आली आणि तपासणीत तिला कर्करोग निघाला. मी त्या काकूंना भेटायला जात असे, आणि केमोथेरपीच्या खोलीत फार गारठा असतो असे त्यांनी सांगितल्यावर मी शालीची गोष्ट काढली. मंडळीत प्रार्थना करून विणलेली शाल असते, हे मी आधीच स्पष्ट सांगितले. त्या हिंदू, मी ख्रिस्ती. अशा देण्याकडे महाराष्ट्रात कोणत्या नजरेने पाहिले जाऊ शकते हे मला ठाऊक होते, आणि आजारी माणसाला संकोचात टाकणे मला नको होते. काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कुणाच्या देवाला सांगितलं ते मला नका सांगू. मला थंडी वाजते, तेवढं बघा.” शाल घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती खांद्यावर घेतली, आरशात पाहिले आणि सुनेला म्हणाल्या, “सत्कार झाला गं माझा. नारळ कुठाय?” शाल-श्रीफळाच्या आपल्या रीतीची मला त्या क्षणापर्यंत आठवणही झाली नव्हती. आम्ही तिघीही खूप हसलो. पुढच्या खेपेला मी खरोखरच नारळ नेला, आणि काकूंनी तो फोडून सुनेला खोबऱ्याच्या वड्या करायला लावल्या.

परंतु त्या शालीचा उपयोग कसा झाला हे महत्त्वाचे. शिरेत सुई लावलेली असताना एक हात उघडा ठेवावा लागतो, आणि दोन फूट रुंद, पाच फूट लांब, जाड शाल खांद्यावरून सारखी घसरे. काकूंनी ती गुडघ्यांवर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिची टोके खुर्चीच्या चाकांत जाऊ लागली. सोबत दिलेली टोपी तर त्यांनी घातलीच नाही. ‘ही कानटोपी घालून मी माथेरानला आल्यासारखी दिसते’ म्हणाल्या आणि सुती रुमाल बांधत राहिल्या. मी हे सारे मंगळवारी टेबलावर सांगितले, नाव न घेता. गटप्रमुख बाईंनी वही काढून लिहून घेतले. त्यानंतर आमच्याकडे केमोथेरपीच्या रुग्णांसाठी वेगळे, आखूड, गोंडे नसलेले आणि हलक्या धाग्याचे गुडघ्यांवरचे पांघरूण विणले जाऊ लागले. नमुना तोच, फक्त लांबी कमी. टोपीसोबत पातळ सुती त्रिकोणी रुमालही ठेवतात, आणि रुग्णाला दोहोंपैकी हवे ते उचलू देतात.

लेकीने मला एकदा सरळ विचारले की तुम्ही एवढ्या जणी इतके तास घालवता, त्याऐवजी दुकानातून उबदार ब्लँकेटे विकत घेऊन का वाटत नाही. हिशेबाने तिचे बरोबर आहे. एका शालीला जितकी लोकर लागते तेवढ्या पैशांत यंत्रावर तयार झालेले चांगले ब्लँकेट येते आणि ते धुवायला सोपे असते. बेघरांच्या निवाऱ्यासाठी आमची मंडळी अशीच ब्लँकेटे विकत घेते आणि ते योग्यच आहे, कारण तिथे अनेकांना एकाच रात्री ऊब हवी असते. शालीचे तसे नाही. ती ज्या माणसाला जाते त्याच्या घरात ब्लँकेटे भरपूर असतात. आपल्यासाठी कोणीतरी बसून काही आठवडे हात चालवला, हे त्याला हवे असते किंवा नसते. आणि हवे असते तेव्हा ते दुकानात मिळत नाही. असे असले तरी गटातील काही सभासद ‘प्रार्थनेमुळे शालीत बरे करण्याची शक्ती येते’ असे बोलतात, तेव्हा मी मान हलवत नाही. प्रार्थना देव ऐकतो असा माझा विश्वास आहे. लोकरीत ती साठून राहते असे मला वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात गटातील एक जुन्या सभासद वारल्या. त्यांच्या पिशवीत सुईवर चढवलेली, अर्ध्याहून थोडी अधिक झालेली निळी शाल होती. ती पूर्ण करायची असे ठरले, पण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. त्यांचे टाके घट्ट, दुसऱ्या कोणाचे सैल, आणि जिथे हात बदलतो तिथे शालीच्या रुंदीत फरक पडतो. कोणी म्हणाले उसवून पुन्हा विणू, कोणी म्हणाले त्यांच्या घट्ट हाताला जुळणारी बारीक सुई घेऊ. बरीच चर्चा होऊन शेवटी उरलेला भाग आम्ही पाळीपाळीने जसा येईल तसा विणला. कडेला थोडी वाकडी झालेली ती शाल आधी त्यांच्या मुलाला देऊ केली. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि सांगितले की आईने ती यादीतल्या कोणासाठी तरी सुरू केली होती, तेव्हा ती यादीतल्या पुढच्या माणसालाच द्या. तसेच केले. कोणाला गेली ते आम्हाला ठाऊक नाही.

उन्हाळा संपत आला की शाली मागे पडतात आणि खलाशांच्या टोप्या पुढे येतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या बंदरात काम करणारी सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट ही संस्था नाताळात जहाजांवर असलेल्या खलाशांना हाताने विणलेल्या टोप्या आणि मफलर देते. हा उपक्रम 1898 पासून चालू आहे. त्यांचेही नमुने ठरलेले आहेत. टोपी कानांवरून खाली येईल इतकी खोल पाहिजे आणि हेल्मेटखाली मावेल इतकी पातळही. मफलर मानेजवळ ताणला जाणाऱ्या विणीचा, म्हणजे कोटाच्या आत गच्च बसणारा आणि यंत्रात अडकेल असा लोंबणारा नको. रंग गडद, कारण तेलाचे डाग पडतात. मी या टोप्या विशेष मन लावून विणते. जगभरच्या मालवाहू जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने असतात, त्यांत कोकणातले आणि गोव्याचेही असतात. नाताळच्या सुमारास न्यूअर्कच्या धक्क्यावर, बर्फात उभ्या असलेल्या एखाद्या रत्नागिरीच्या पोराच्या डोक्यावर माझी टोपी जाणे अगदीच अशक्य नाही. टेबलावर हे बोलले तेव्हा शेजारच्या बाईंनी रत्नागिरी कुठे आहे हे विचारून घेतले, आणि पुढच्या मंगळवारी त्या चक्क हापूस आंब्याचा डबाबंद रस घेऊन आल्या.

मध्यंतरी नगरच्या भगिनी मंडळाने नमुना मागवला. त्यांनाही शाली करायच्या होत्या. मी कागद पाठवला, पण सोबत लांबलचक पत्रही लिहिले. आठ मिलिमीटरची सुई तिकडे मिळणार नाही, म्हणून मिळेल ती जाडीत जाड सुई घ्यावी आणि टाके वाढवावेत. फक्त तीनाच्या गटांची संख्या विषम राहील, म्हणजे 63, 69, 75 असे आकडे येतील, हे पाहावे. नगरच्या उन्हात अॅक्रिलिकची जाड शाल कोणाला सोसणार नाही, तेव्हा सूत वापरावे. आणि सर्वांत आधी ज्यांना द्यायचे त्यांना विचारावे.

त्यांनी विचारले. तालुक्याच्या एका रुग्णालयातील परिचारिकेने सांगितले की शाली नकोत, दिवाळीनंतर कमी वजनाची बाळे येतात त्यांना टोप्या आणि मोजे कमी पडतात. त्यामुळे शालीचा नमुना तसाच राहिला आणि मंडळाने टोप्या सुरू केल्या आहेत. त्यांचा फोन आला होता. गोंडा लावला तर टोपी किती गोजिरी दिसते, एवढा तरी लावू द्या, असे आमच्या वयाच्या सगळ्याच मैत्रिणींचे म्हणणे आहे, आणि परिचारिकाबाई ऐकायला तयार नाहीत. मी परिचारिकाबाईंच्या बाजूने आहे, असे त्यांना कळवले आहे. लोंबणारे धागे आत कसे ओवायचे, हे व्हिडिओवर दाखवण्यासाठी पुढच्या शनिवारची वेळ ठरली आहे.